तुम्ही विचारलंत म्हणून: देवाचं भय

"देव प्रीती आहे असं तुम्हीच सांगता, मग त्याला भ्यायचं कशाला?" हे आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं विचारतात. शेजारच्या वहिनींचा प्रश्न वेगळा असतो. "इतकी देवाला भिऊन वागलीस, तुला मिळालं काय गं?" मुलांना मी वर्षानुवर्षं वचनं सांगत आले आणि वहिनींना हसून टाळत आले. आता दोघांनाही एकदाच सांगते.

मुलं बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र पुढे करतात. पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. बरोबर आहे, पण त्याच वचनात योहानानं कोणती भीती तेही सांगितलंय: शिक्षेची. सीनाय पर्वतापाशी मोशे एका दमात दोन गोष्टी बोलतो. भिऊ नका, आणि तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचं भय तुमच्यापुढे राहो. आणि १३० वं स्तोत्र म्हणतं की तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून लोक तुझं भय धरतात. शिक्षा करणाऱ्याला भिणं मला लहानपणापासून कळत होतं. क्षमा करणाऱ्याला का भ्यायचं, हे कळायला नर्सच्या नोकरीतली बारा वर्षं जावी लागली.

मुलांनो, तुम्ही कवी टिळकांचा दाखला देता. १८९५ साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात, आणि आईला कोण भितं, असं तुमचं म्हणणं. मी भीत होते. माझ्या आईनं कधी हात उचलला नाही. मी खोटं बोलल्याचं कळलं की ती मला नेहमीसारखं वाढायची आणि स्वतः जेवायची नाही. त्या न वाढलेल्या ताटाची जी भीती होती, ती माराची नव्हती.

आता ती रात्र. १९९६ चा पावसाळा. एका मोठ्या रुग्णालयात मेल मेडिकल वॉर्डला माझी नाइट होती. खाटा भरलेल्या, मधल्या जागेत गाद्या टाकलेल्या. खिडकीजवळच्या खाटेवर अर्धांगवायूचे एक आजोबा होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, डोळे मात्र टक्क जागे. अशा पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर माकडहाडावर दाब राहून कातडी मरते. उजवी कूस, पाठ, डावी कूस, आणि प्रत्येक वेळी चार्टवर वेळ घालून सही.

बाराला आम्ही दोघांनी त्यांना पाठीवर घेतलं होतं. दोनला वॉर्डबॉय मामा एक बॉडी घेऊन खाली गेले होते आणि मी एका दम्याच्या पेशंटला ऑक्सिजन लावत होते. आजोबांना एकटीनं वळवणं मला शक्य नव्हतं. हे मी आजही ठामपणे सांगते. चारला मात्र मामा आलेले होते, मी टेबलाशी बसले होते आणि पाय उचलत नव्हते. मी चार्ट ओढला. दोन वाजता डावी कूस, चार वाजता उजवी कूस, दोन सह्या. शाईनं. वळवायला जमलं नसेल, पण लिहायला मला कुणी सांगितलं होतं?

सहाला स्पंजिंगच्या वेळी मामांनी त्यांना कुशीवर धरलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. मी अंगठ्यानं दाबला. कातडी जिवंत असली की दाबल्यावर डाग पांढरा पडतो. हा पडला नाही. मी वर बघितलं तर आजोबा मान वळवून माझ्याकडेच बघत होते. रात्री दोनलाही त्यांचे डोळे उघडे होते, चारलाही. या वॉर्डात खरं काय ते त्यांना ठाऊक होतं आणि ते सांगू शकत नव्हते.

बायबलमधल्या लेवीयाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात लिहिलंय की बहिऱ्याला शाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, आपल्या देवाचं भय धर. लहानपणी पाठ केलं होतं, पण भयाचा इथे काय संबंध ते कधी समजलं नव्हतं. बहिऱ्याला शाप ऐकू येत नाही, आंधळ्याला दिसत नाही कुणी काय ठेवलं. तिथे माणसाची भीड चालतच नाही. तिथे फक्त देव उरतो.

तेवढ्यात त्यांचा मुलगा चहाची किटली घेऊन आला आणि म्हणाला, "सिस्टर, तुम्ही आहात म्हणून मी बाहेर व्हरांड्यात झोपू शकतो."

साडेसातला इनचार्ज सिस्टर आल्या. मी त्यांना सांगितलं, दोन नोंदी खोट्या आहेत. त्या बराच वेळ चार्टकडे बघत राहिल्या. "कशाला सांगितलंस? आता मला वर कळवावं लागणार." मेमो मिळाला, वॉर्ड बदलला. मुलाला मी स्वतःच सांगितलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्ही लोक सेवा मनापासून करता, असं ऐकलं होतं." त्या डागाची पुढे जखम झाली. महिनाभरानं त्यांना घरी नेलं. पुढचं मला कळलं नाही.

हीच गोष्ट मी पुढे भायखळ्याच्या महिला सभेत साक्ष म्हणून सांगितली. देवाचं भय धरलं, खरं बोलले, देवानं मला सांभाळलं. मुलाचं वाक्य गाळलं, जखमेचंही गाळलं. बायकांनी "आमेन" म्हटलं. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई गं, सांभाळलं कुणाला? जखम तर आजोबांना झाली. आणि भय धरलंस ते नक्की देवाचं? डाग उमटला होता, चौकशी होणारच होती, आधीच सांगितलेलं बरं, हे मनात आलं नव्हतं असं शपथेवर सांगशील? डाग उमटलाच नसता तर? इथे माझ्याजवळ उत्तर नाही.

आणि वहिनी, तुमचा प्रश्न. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, भरल्या घरच्या त्या भल्या माणसाबद्दल सैतान देवाला विचारतो: ईयोब देवाचं भय काय फुकट धरतो? तुम्हाला तसं म्हणत नाही, रागावू नका. पण आमच्या व्यासपीठावरूनही भयाची फळं एखाद्या हप्त्यासारखी मोजतात, तेव्हा मला तो प्रश्न आठवतो. १२८ वं स्तोत्र लग्नात वाचतात: जो परमेश्वराचं भय धरतो त्याची बायको फळभरल्या द्राक्षवेलीसारखी, मुलं जैतुनाच्या रोपांसारखी. माझं लग्न झालं नाही. निर्गमाच्या पुस्तकातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणी, माझ्याच कामातल्या बाया, इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारा म्हणणाऱ्या मिसरच्या राजाला, फारोला न भिता देवाला भ्यायल्या, त्यांनी इब्र्यांची मुलं जगवली, आणि देवानं त्यांची घरं वसवली. माझी नाही वसली. हे वाचताना दुखतं. इतकी वर्षं नाही म्हणत आले, पण दुखतं.

तरीही मिळालं काय, तर एक गोष्ट सांगते. पटेलच असं नाही. त्या सकाळनंतर निवृत्त होईपर्यंत मी न केलेलं काम कधी लिहिलं नाही. चार्टमध्ये रिकामी जागा राहिली, बोलणी खाल्ली. पण रात्री तीनला आंधळ्या-बहिऱ्या, बेशुद्ध माणसाजवळ मी एकटी नसे, आणि ते मला बरं वाटे. आधी "देव बघतोय" म्हणजे बागुलबुवा होता. नंतर त्याचाच आधार झाला. हे भय आहे की सोबत, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

आता थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे. दोन खोल्यांत आम्ही दोघीच. तिलाही दोन-दोन तासांनी वळवते आणि दोनशे पानी वहीत वेळ लिहिते. ती वही कुणी वाचत नाही, बहिणीला तर दिसतही नाही. मागच्या मंगळवारी पहाटे चारला मला झोप लागली. जाग आली तेव्हा साडेपाच झाले होते. तिची पाठ बघितली, दाबून बघितलं, पांढरं पडलं. चारची ओळ कोरी आहे.