लाईट गेली, लाईट घे, लाईटचं लायसन

वैशाखातलं ऊन, दुपारचे बारा. परभणी-हिंगोलीकडच्या एखाद्या शिवारात एक जण बांधावरून हाक देतो, "लाईट आली का ओ?" उजेड डोळ्यांत मावत नाही आणि माणूस लाईट विचारतोय. इंग्रजीचा कोश घेऊन बसलेल्याला हे कोडं सुटणार नाही. विचारणाऱ्याला उजेडाशी देणंघेणं नाही, विहिरीवरची मोटार चालेल का एवढंच त्याला हवंय.

वर्तमानपत्रात हिलाच 'वीज' म्हणतात. बोलण्यात तो शब्द फारसा टिकला नाही, कारण वीज आभाळात आधीपासून होती. मृगाच्या तोंडावर 'वीज पडली' ऐकलं की लोक विचारतात, माणसं-जनावरं ठीक आहेत ना? 'लाईट गेली' ऐकलं की डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, बघतात.

इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. मराठीत येऊन तो बाई झाला. ती लाईट, त्या लाईटी. वीज आणि बत्ती या शेजारणींच्या पंगतीत बसला म्हणून असेल. पण नेमका अर्थ कळतो तो क्रियापदावरून. लाईट लावली म्हणजे दिवा. लाईट मारली म्हणजे बॅटरीचा झोत. लाईट घेतली म्हणजे नवं कनेक्शन, ओढली म्हणजे दुसऱ्याच्या मीटरवरून केबल आणली, तोडली म्हणजे थकबाकी झाली, आणि सोडली म्हणजे सबस्टेशनातून फीडर (गावाकडे येणारी मुख्य लाईन) चालू केला. 'लाईट घे' मात्र फसवं आहे. बाप शेतातल्या पोराला म्हणाला, "औंदा लाईट घे," तर नव्या कनेक्शनचं कोटेशन भरायचं असतं. कॉलेजच्या कट्ट्यावर दोस्त म्हणाला, "लाईट घे रे," तर मनाला लावून घ्यायचं नसतं.

शेतातल्या लाईटीला पुन्हा विशेषणं लागतात: दिवसाची, रातची, थ्री फेज, सिंगल फेज, डिम. फेज म्हणजे करंटची तार. थ्री फेजमध्ये कुठल्याही दोन फेजांत ४१५ व्होल्ट मिळतात. घरात एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे २३० च्या आसपास. म्हणून आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या मुक्कामाच्या जागेवरचा, बल्ब पेटला याचा अर्थ मोटार चालेल असा नाही. डीपीवर एक फ्यूज उडाला तरी उरलेल्या फेजवर बल्ब मजेत जळतो, मोटार मात्र जागच्या जागी गुणगुणते. त्याहून वाईट म्हणजे चालत्या मोटारीचा एक फेज जाणं. ती थांबत नाही. उरलेल्या दोन तारांतून जादा करंट ओढत फिरत राहते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, जळतं. हे टाळायला स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असतो. रातच्या पाळीत तो सारखा ट्रिप होतो म्हणून त्याला बायपास करणारे महाभाग गावोगाव आहेत. रिवाइंडिंगवाल्याचं दुकान त्यांच्यावरच चालतं.

'लाईट डिम हाय' ही तक्रार बहुतेक फीडरच्या शेपटाकडच्या डीपीवर ऐकू येते. ४१५ च्या जागी ३३० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज ८० टक्के उरलं, पण मोटारीचा जोर वर्गाच्या हिशेबाने पडतो, ६४ टक्क्यांच्याही खाली. तेवढंच पाणी उपसायला ती जास्त करंट घेते आणि तापते. प्रत्येक पंपाला कपॅसिटर असेल (पाच एचपीला २ केव्हीएआर, साडेसातला ३; केव्हीएआर हे कपॅसिटरचं माप) तर तारांतला करंट उतरतो आणि व्होल्टेज थोडं सावरतं. एकट्याने लावून मात्र फरक जाणवत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी लावावा लागतो, आणि तिथेच गाडं अडतं. ऑटोस्विचचं, म्हणजे लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणाऱ्या खटक्याचं, नेमकं उलट. रात्री दोन वाजता लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, तो सगळा धक्का एकदम बसतो आणि फ्यूज उडतो. मग लाईट येऊनही लाईट नाही.

दुरुस्तीनंतर मोटार उलटी फिरली, आवाज बरोबर पण पाणी करंगळीएवढं, तर घाबरायचं कारण नाही. दोन फेजांची अदलाबदल झालेली असते. मेन स्विच पाडून स्टार्टरच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा आपसात बदलल्या की काम झालं.

शेतात 'लाईट'चा आणखी एक अर्थ आहे, लाईट ट्रॅप, म्हणजे किडे ओढून मारणारा दिव्याचा सापळा. वळवाचा किंवा मृगाचा चांगला पाऊस झाला की त्याच संध्याकाळी हुमणीचे (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. बल्बखाली पसरट घमेलं, त्यात पाणी आणि थोडं रॉकेल. दिवस मावळल्यापासून साधारण तीन तास लावायचा, नंतर बंद. रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही त्यात मरतात. अडचण एवढीच की ज्या पावसाने भुंगेरे निघतात, त्याच पावसाने लाईट जाते. म्हणून सापळ्याला सोलरचा दिवा बरा.

घरातल्या दिव्याबद्दल थोडक्यात: वॅटवर बिल येतं, उजेड लुमेनवर मोजतात. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० लुमेन द्यायचा, तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलं असेल तर उजेड पांढराफटक, २७०० के असेल तर जुन्या बल्बसारखा पिवळसर.

आता दुसरं घराणं. इंग्रजीत उजेडाचा 'लाईट' आणि वजनाचा 'लाईट' हे मुळात दोन वेगळे शब्द. उच्चार झिजत झिजत एक झाले. जर्मनने ते वेगळे ठेवले, उजेडाला 'लिश्ट', हलक्याला 'लाइश्ट'. पहिल्याचं मूळ आपल्या 'रुची' आणि 'रोचक'च्या मुळाशी जातं, दुसऱ्याचं 'लघु'शी. आपला 'हलका'देखील 'लघुक'मधली अक्षरं उलटीपालटी होऊन झालेला, म्हणजे 'लाईट' आणि 'हलका' लांबचे भाऊबंद निघाले. इंग्रज खाटीक जनावराच्या फुप्फुसांना 'लाईट्स' म्हणतात तेही वजनाने हलकी म्हणून. त्यांचा 'लंग' शब्द त्याच मुळाचा. घोड्यावरून उतरलं की घोडा हलका होतो, त्यावरून उतरण्याचं 'अलाइट'.

वजनाचा लाईट मराठवाड्यात रुळांवरून आला. बार्शी लाईट रेल्वेच्या नावातला लाईट डब्यातल्या दिव्यांचा नव्हे. रूळ हलके, गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिलिमीटर, आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा हिशेब. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डूवाडीपासून बार्शीपर्यंत, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याच्या टाक्या घेऊन रेल्वे आली, तोवर तिथे रुंद रूळ पडले होते. एकेका टाकीत ५० हजार लिटर, म्हणजे पाण्याचंच वजन ५० टन. पाच टनांच्या आसांवर ते पेललं नसतं. रेल्वेवाले आजही डब्यांशिवाय धावणाऱ्या इंजिनाला 'लाईट इंजिन' म्हणतात, त्याचा हेडलाईट बंद असला तरी.

आरटीओच्या दारात विचारतात, "लायसन लाईटचं की हेवीचं?" मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे हलकं वाहन म्हणजे ७५०० किलोपर्यंतचं. मालवाहू असेल तर हा आकडा रिकाम्या गाडीचा नसून मालासकट ठरवून दिलेल्या एकूण वजनाचा असतो, आणि घोळ इथेच होतो. रिकामा टेम्पो चार टनांचा म्हणून लाईटच्या लायसनवर चालवतात, पण आरसीवर एकूण वजन साडेसात टनांच्या वर लिहिलेलं असतं. ट्रॅक्टरला मात्र रिकामं वजनच धरतात. या मर्यादेतलं मालवाहू वाहन लाईटच्या लायसनवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. ॲक्सिडेंट झाल्यावर विमा कंपनी आधी हेच तपासते.

किराणा दुकानातला लाईट सगळ्यात लबाड. 'लाईट' ऑलिव्ह तेलात हलका असतो तो रंग आणि वास. तेल ते तेलच, एका ग्रॅमला ९ कॅलरी. 'लाईट' मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनीचा त्रास असणाऱ्याने किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय ते भाजीत टाकू नये.

सगळ्यात महागात पडतो तो जमिनीचा लाईट. इंग्रजी माहितीपत्रकातली 'लाईट सॉइल' म्हणजे वाळूसर, नांगराला सोपी जमीन. तिथे कणांचा पोत मोजलेला असतो. कुणीतरी त्याचं भाषांतर 'हलकी जमीन' करून टाकतं. मराठवाड्यात हलकं रान म्हणजे उथळ, मुरमाड. इथे खोली मोजतात. मुरमावरची वीतभर माती चिकणसुद्धा असू शकते, आणि नदीकाठची वाळूसर पोयट्याची जमीन पुरुषभर खोल असू शकते. वाळूसर रानात पाणी खाली झिरपून जातं, म्हणून थोडं थोडं आणि लवकर द्यायचं. उथळ चिकण रानात जास्त दिलं तर मुरमावर तुंबून मुळ्या गुदमरतात, आणि उघडीप पडली की तेच रान आधी वाळतं. पत्रक बघून कपाशी लावायच्या आधी पहारीने दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्यावा आणि मुरूम कितीवर लागतो ते मोजावं. वीत-दीड वितीवर लागला तर बाजरी, मटकी, हुलगा, तीळ यांचं ते रान. हातभराच्या खाली गेला तर सोयाबीन, तूर. दोन हात खणूनही काळी माती संपली नाही, तर कपाशीचा विचार करायला हरकत नाही.