बाईंच्या तासाला खोडरबर बंद

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे असा फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो, कारण सुवर्णमहोत्सवाच्या अंकात सगळे संस्कारांवर लिहिणार आणि मला ते जमत नाही. मग म्हटलं गणिताच्या बाईंवर लिहू. नाव टाकत नाही, त्यांना आवडणार नाही, आणि ज्यांना त्या शिकवायला होत्या ते पुढच्या दोन ओळीत ओळखतीलच.

बाईंच्या तासाला खोडरबर बंद. गणित चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला परत सोडवायचं. शेजारच्या तुकडीच्या वह्या बघाव्यात आणि आमच्या बघाव्यात, आमच्या म्हणजे नुसतं रणांगण! पण बाईंना त्या रेघेखालचंच वाचायचं असायचं. वही हातात घेतली की बोट चुकीच्या उत्तरावर आणि प्रश्न ठरलेला, "कसं आलं?" आवाज चढवून नाही हं, खरंच माहिती नसल्यासारखं विचारायच्या.

मी एकदा १/२ अधिक १/३ बरोबर २/५ लिहिलं होतं. कसं आलं? म्हटलं बाई, वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, म्हणाल्या की बरोबर आहे तुझं, अपूर्णांकांचा गुणाकार असाच करतो ना आपण, वरचा वरच्याशी खालचा खालच्याशी, मग बेरजेत पण तसंच चालेल असं तुला वाटलं. आता मला सांग, २/५ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? मी बराच वेळ बघत बसलो आणि मग लक्षात आलं की अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं. लसावि, समच्छेद वगैरे त्यानंतर शिकवलं. ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे, असं म्हणणारी मैत्रीण पण होती वर्गात, तिलाही हेच, आधी तुझं म्हणणं पूर्ण सांग.

बाईंचं म्हणणं असं होतं की कोणी उगाच चुकत नाही. प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या मुलाचा काहीतरी हिशोब असतो, तो ऐकल्याशिवाय बरोबर उत्तर सांगितलं तर ते नुसतं वर चिकटतं, आतलं तसंच राहतं. आणि गंमत म्हणजे उत्तर बरोबर आलं तरी त्या विचारायच्या, कसं आलं? हुशार मुलांची तिथे जास्त फजिती व्हायची (मी त्यात नव्हतो, त्यामुळे मला मजा यायची).

हे फक्त गणितापुरतं नव्हतं हे मला नववीत कळलं. चाचणीचा तपासलेला पेपर हातात आला, एक गणित दोन मार्कांनी गेलेलं, मी बाकावरच चुकलेली पायरी सुधारली आणि साळसूदपणे बाईंकडे गेलो, बाई हे बरोबर आहे, मार्क द्यायचे राहिले. त्यांनी पेपर बघितला, माझ्याकडे बघितलं. शाई वेगळी होती हो, एवढंही मला सुचलं नव्हतं! म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे. पण उत्तर आजचं आहे आणि मार्क त्या दिवशीचे." मग हळूच, "दोन मार्कांची एवढी गरज कुणाला पडली, तुला की आणखी कुणाला?" मी काही बोललो नाही. त्यांनीही परत विचारलं नाही, वर्गात नाही, घरी नाही, कुठेच नाही. खोटं बोलणाऱ्या मुलाला आधी कशाची तरी भीती वाटलेली असते असं त्या नंतर कधीतरी म्हणाल्या, माझ्यासमोर, पण माझ्याकडे न बघता.

आता सगळं गोडगोड लिहायचं नाही म्हणून हेही सांगतो, बाईंचा पोर्शन कधीच वेळेत संपला नाही. एकेकाचं "कसं आलं" ऐकत बसल्यावर कसा संपणार? शेवटचे धडे आम्ही धावत उरकायचो आणि परीक्षेत त्याचा फटका बसायचा, काही पालक चिडले पण होते आणि मला अजूनही वाटतं की ते पूर्ण चूक नव्हते. शिवाय तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं महिन्यापूर्वीचं एखादं गणित, आम्ही वैतागायचो, हे झालंय ना बाई! खूप वर्षांनी एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाबद्दल वाचलं, त्याने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मांडलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या काही तासातच विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. वाचलं आणि ती पाच मिनिटं आठवली. बाईंनी हे वाचलं होतं का माहीत नाही, त्या एवढंच म्हणायच्या की विसरणं हा गुन्हा नाही, फक्त परत भेट घ्यावी लागते.

शेवटच्या बाकावरचा आमचा एक मित्र मात्र दोनदा नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. स्टाफरूमच्या दाराशी कुणीतरी म्हटलं, त्याला गणित जमणारच नव्हतं. बाई म्हणाल्या, "नाही, तो कुठे सुटला ते मला सापडलं नाही." मी वह्या घेऊन मागे उभा होतो. एवढ्या मोठ्या बाई असं म्हणू शकतात हे मला तेव्हा झेपलंच नाही.

कापरेकरांचं ६१७४ पण त्यांनीच दाखवलं. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, मोठ्यात मोठी संख्या करा, त्यातून लहानात लहान वजा करा, परत तेच. ३५२४ घेतला तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथेच अडकतो. जास्तीत जास्त सात वेळा, की आलाच. हे शोधणारे द. रा. कापरेकर आयुष्यभर शाळामास्तर होते हे सांगताना बाईंचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

हा लेख छापायला द्यायच्या आधी बाईंना वाचायला पाठवला. परत आला तेव्हा एकाच ठिकाणी खूण होती, "मला नववीत कळलं" याच्याखाली रेघ आणि समासात, "आठवीत ना? कसं आलं?"

खोडलं नाहीये, तसंच ठेवलंय.