सरोवर गोठलं नाही म्हणून घरं गोठली

हूव्हर बीचवरच्या घरांचा तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. ईरी सरोवराच्या काठावरची घरं, दारं-खिडक्या बुजलेल्या, छपरापासून जमिनीपर्यंत बर्फाचे जाडजूड सुळके. फोटो 2020 च्या फेब्रुवारीअखेरचा आहे आणि तो अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या हॅम्बर्गचा. दर हिवाळ्यात तो कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा येतो आणि खाली ठरलेला प्रश्न असतो, "आता कुठे गेलं ते ग्लोबल वॉर्मिंग?" मी ईरीच्या काठावरच्या बफेलो शहराच्या दक्षिणेला राहते. त्या घरांवरून माझं नेहमी जाणं-येणं असतं. त्यामुळे हा प्रश्न मला नुसता सोडून देता येत नाही.

त्या हिवाळ्यात ईरी जवळजवळ गोठलंच नव्हतं. एरवी फेब्रुवारीत सरोवराच्या बऱ्याच भागावर बर्फाची जाड साय धरलेली असते आणि वारा कितीही सुटला तरी काठाशी लाट उठत नाही. त्या वर्षी पाणी उघडं होतं. दोन दिवस सोसाट्याचा वारा सुटला, लाटा बांधावर आपटल्या, त्यांचे तुषार घरांवर उडाले आणि शून्याखालच्या हवेत जागच्या जागी थिजले. थरावर थर चढत गेले. थंडी होतीच, पण तसली थंडी इथे दर फेब्रुवारीला असते. वेगळं होतं ते उघडं पाणी. एका वादळावरून जगाचं हवामान ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण मग तोच फोटो तापमानवाढीच्या विरोधातला पुरावा म्हणूनही चालणार नाही.

इथला बर्फ कसा पडतो ते समजलं की बरंच कोडं सुटतं. इथे सगळे त्याला 'लेक इफेक्ट' म्हणतात. कॅनडाकडून कोरडी, गारठलेली हवा येते आणि सरोवराच्या तुलनेनं उबदार पाण्यावरून वाहते. पहाटेच्या थंडीत बंबातलं कढत पाणी बादलीत ओतल्यावर न्हाणीघर जसं वाफेनं भरून जातं, तसंच हे. पाण्याची वाफ हवेत चढते, ढग होतात आणि काठ ओलांडला की बर्फ होऊन कोसळतात. सरोवराचा पृष्ठभाग आणि वरची साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात किमान 13 अंशांचा फरक लागतो. फरक जितका मोठा, तितका बर्फ जोरात. म्हणजे नुसती थंडी पुरत नाही, खाली ऊबही लागते. ईरी पाच महासरोवरांत सर्वांत उथळ, सरासरी खोली जेमतेम 19 मीटर. त्यामुळे ते उन्हाळ्यात पटकन तापतं आणि हिवाळ्यात लवकर गोठतं. एकदा गोठलं की वाफेचा पुरवठा तुटतो आणि लेक इफेक्टचा जोर ओसरतो. गोठायला उशीर झाला तर पुरवठा चालू राहतो.

2022 चा नोव्हेंबर मी विसरणार नाही. महिन्याच्या सुरुवातीला लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होते. सरोवराचं पाणी त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा गरम होतं. मग 17 तारखेला गार वारा आला आणि बर्फाचा एक अरुंद पट्टा थेट आमच्या डोक्यावर येऊन बसला. बर्फ पडत असताना वीज कडाडत होती. बफेलोच्या उत्तरेच्या उपनगरांत राहणारी मैत्रीण त्याच वेळी फोनवर सांगत होती की त्यांच्याकडे काही इंचच पडलाय. आमच्या शेजारच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये मात्र 80 इंच, म्हणजे दोन मीटरहून जास्त. तिथल्या स्टेडियममधला बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला.

सकाळी मागचं दार आत उघडलं तर समोर बर्फाची भिंत उभी, आणि तिच्यावर दाराच्या चौकटींचा ठसा जसाच्या तसा. नवरा खिडकीतून बाहेर उतरला, तो आधी भिंतीतून निघणारा भट्टीचा पांढरा पाइप शोधायला. इथल्या बऱ्याच घरांत तापवणीच्या भट्टीचा धूर असा जमिनीपासून फूट-दीड फुटावरून बाहेर जातो. तो बुजला तर भट्टी बंद पडते, नाहीतर विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. गाडी, रस्ता, सगळं नंतर. आधी पाइप मोकळा करायचा. हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

तेव्हापासून मला सरोवराचं तापमान बघायची सवय लागली आहे. बफेलोच्या जलशुद्धीकरण केंद्रात 30 फूट खोलीवरच्या पाण्याचं तापमान रोज मोजतात आणि ती नोंद 1927 पासून ठेवलेली आहे. शिवाय सरोवराच्या तोंडाशी, जिथून नायगारा नदी निघते तिथे, 1964 पासून दर हिवाळ्यात तरंगत्या ओंडक्यांची साखळी बांधतात. पूर्वी लाकडी ओंडके होते, आता पोलादी नळकांडी आहेत. सरोवरातला बर्फ नदीत घुसून वीजकेंद्रांची पाण्याची वाट अडवू नये म्हणून ही सोय. साखळी घालायला सुरुवात कधी करायची, तर पाणी 4 अंशांवर आल्यावर किंवा 16 डिसेंबरला, यातलं जे आधी येईल तेव्हा. काही वर्षी पाणी 4 अंशांवर यायच्या आधीच 16 डिसेंबर उजाडतो. म्हणजे पाणी उशिरापर्यंत उबदार राहिलेलं असतं. 2015 च्या डिसेंबरात तसंच झालं होतं.

आता दुसरी बाजू. कडाक्याची, सरोवराशी संबंध नसलेली थंडीही पडतेच. 2014 आणि 2015 च्या सुरुवातीच्या हिवाळ्यांत ईरी जवळजवळ सगळं गोठलं. 2015 चा फेब्रुवारी हा बफेलोच्या नोंदींतला सर्वांत थंड महिना, सरासरी उणे 11-12 अंश सेल्सिअस. त्याच महिन्याच्या 26 तारखेला सिनेटर जेम्स इनहोफ यांनी जग तापत नाही हे दाखवायला वॉशिंग्टनमध्ये सभागृहात बर्फाचा गोळा आणला आणि बाहेर किती गारठा आहे ते बघा, असं म्हणत तो भिरकावला. आम्ही काकडत होतो हे खरंच. पण सगळ्या जगाचा हिशेब केल्यावर 2015 हे तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. अमेरिकेचा मुख्य भूभाग पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या 2 टक्केही नाही. तो गोळा खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, आणि देशाचे कायदे करणाऱ्यानं तो काढावा याचा मला आजही राग येतो.

आर्क्टिक वेगानं तापल्यामुळे ध्रुवाकडची थंडी जास्त वेळा खाली उतरते का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, म्हणून तो मुद्दा मी इथे वापरत नाही. त्याची गरजही नाही. थंडीचे विक्रम अजून होतात, फक्त उष्णतेच्या विक्रमांच्या मानानं कमी होतात. अमेरिकेत 1950 च्या दशकात रोजच्या तापमानाच्या उच्चांकांची आणि नीचांकांची संख्या जवळजवळ सारखी होती. 2000 नंतरच्या दशकात उच्चांक नीचांकांच्या दुप्पट झाले.

निफाडचे माझे मामाही हाच प्रश्न विचारतात, पण त्यांच्या विचारण्यात काळजी असते. "काय गं, तुम्ही म्हणता जग तापतंय, आणि इथं पारा पाचच्या खाली. रात्रभर बागेत शेकोट्या पेटवल्या, पहाटे ड्रिपनं पाणी सोडलं." द्राक्षाची फुगवण थांबते, मणी तडकतात आणि वर्षाचं पीक डोळ्यांदेखत हातचं जातं. त्यांना मी सांगितलं, "मामा, तुमची थंडी खोटी नाही. उत्तरेकडून वारं आलं की निफाड गारठणारच. पण त्याच बागेत फेब्रुवारीत ऊन कसं असतं ते आठवा." 2023 चा फेब्रुवारी दिवसाच्या तापमानाच्या हिशेबात 1901 पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. मामा म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून मरण." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हवा एका अंशानं तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते. जग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानानं सव्वा ते दीड अंशानं तापलं आहे. म्हणजे हवेत पाणी जास्त आहे. ते अजून काही काळ आमच्याकडे बर्फ होऊनच पडेल, कारण जानेवारीत बफेलो शून्याखाली असतं आणि तापमान दोन-तीन अंशांनी चढलं तरी बरेच दिवस खालीच राहील. पुढे हळूहळू त्यातला वाटा पावसाकडे जाईल. "तापतंय ना, मग बर्फ संपला" असं समजून कुणी निर्धास्त राहिलं तर ते जिवावर बेतेल. 2022 च्या नाताळातल्या हिमवादळात आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, 40 हून अधिक माणसं गेली. काही गाडीत अडकून, काही थंडगार घरात, काही अ‍ॅम्ब्युलन्स पोचू न शकल्यामुळे. त्या वेळी बर्फाचा पट्टा शहरावर होता.

त्यानंतर आमच्या मराठी मंडळानं एक यादी केली आहे. कुणाकडे स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ हटवायचं यंत्र आहे, कुणाकडे जनरेटर, कुणाचे आईवडील भारतातून आलेत आणि दिवसभर घरी एकटे असतात, कुणाला इन्सुलिन लागतं. नोव्हेंबर लागला की ती ताजी करतो. तुम्ही या भागात नवीन आला असाल तर आपलं नाव घाला, आणि भट्टीचा पाइप घराच्या कुठल्या भिंतीतून बाहेर निघतो ते बर्फ पडायच्या आधी बघून ठेवा.