शून्य मस्टर

त्या पाड्यावर कॉलेजच्या पोरांचं शिबिर मीच नेलं, हे आधीच कबूल करतो.

मी ग्रामीण घरकुलांवर कंत्राटी अभियंता आहे. मानधन घरकुलामागे, तेही टप्प्याटप्प्याने. त्यामुळे जोत्यावर अडकलेलं घर लाभार्थ्याइतकंच मलाही सलतं. नाशिकहून गिरणारे मागे टाकून हरसूलच्या बाजूला निघालं की अशी जोती दिसतातच. पहिला हप्ता येतो, जोतं होतं, मग पाऊस, भाताची लावणी, कापणी, आणि त्यानंतर अख्खं कुटुंब दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर. 2024-25 मध्ये घराला मिळायचे 1 लाख 20 हजार. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, आपल्याच घराच्या अकुशल कामाची. किमान 25 चौरस मीटरचं घर यात बसवायचं. कागदावर बसतं. पण वीटभट्टीवाला भाव सांगतो तो रस्त्यापर्यंतचा, पाड्यापर्यंतचा नाही.

त्या मावशींचं जोतं दीड वर्ष तसंच होतं. ओहोळाच्या अलीकडे ट्रॅक्टर थांबतो, तिथून वर शे-सव्वाशे पावलांचा चढ. दोन हजार विटा डोक्यावरून न्यायच्या, एका खेपेला आठ, म्हणजे अडीचशे खेपा. नवरा-बायको दोघंच. त्या वर्षी मी त्यांना म्हटलं, द्राक्षांवर जाऊ नका, तुमचं मस्टर, म्हणजे रोजगार हमीचा हजेरीपट, काढतो, घरचंच काम करा आणि मजुरीही घ्या. 2024-25 चा दर 297 रुपये रोज. दोघं थांबली.

त्याच सुमारास एका कॉलेजच्या प्राध्यापक मॅडमचा फोन आला. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर, पन्नास मुलं-मुली, श्रमदानाला काही ‘भरीव’ काम आहे का? माझ्या डोळ्यांसमोर तो चढ आला.

जानेवारीतला शिबिराचा तिसरा दिवस. मुलं शाळेत मुक्कामाला होती, आठ वाजता ओहोळावर हजर. पन्नास जणांची साखळी हात ताणून कशीबशी पन्नास मीटर होते, म्हणून चढाचे दोन टप्पे केले. आधी सगळ्या विटा मधल्या आंब्यापर्यंत, मग सगळी साखळी वर सरकवून तिथून जोत्यापर्यंत. एक वीट साधारण तीन किलोची. पहिली शंभर-दोनशे हसतखेळत गेली, मग हळूहळू आवाज बंद झाले. साखळीत वीट फेकायची नसते, पुढच्याच्या हातात ठेवायची असते, हे सांगूनही एकाने फेकली आणि शेजारच्याचं बोट चेचलं. साडेबाराला शेवटची वीट वर आली. फुटल्या फक्त सतरा. वीस वर्षांच्या पोरांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, ते त्या दिवशी बदललं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मॅडमना ‘प्रत्यक्ष बांधकामाचा अनुभव’ हवा होता, अहवालात थापी हातात धरलेले फोटो लागतात. मिस्तरी जेवायला खाली गेला आणि मीही त्याच्यासोबत गेलो. परत येतो तर दोन थर रचून तयार, तेही वरच्या कोरड्या विटांचे. जोत्यामागच्या खड्ड्यात प्लास्टिक अंथरून विटा भिजत घातल्या होत्या. बुडबुडे यायचे थांबले की वीट तयार, हे मी सकाळीच सांगितलं होतं. पण भिजलेली वीट जड आणि बुळबुळीत, कोरडी हाताला बरी. कोरडी वीट मालातलं सगळं पाणी पिते, सिमेंट धरतच नाही. दुसऱ्या दिवशी सांध्यात खिळा घातला तर भुकटी येते. सांधेही कुठे अर्धा इंच, कुठे सव्वा. मिस्तरी बघून म्हणाला, “ही काय भाकरी थापलीय का?” मी दोन्ही थर हातानं उचकटले. दोन मुली गप्प उभ्या होत्या. एका पोरानं मात्र न सांगता बसून विटांचा माल खरवडायला घेतला. आई-बाप भट्टीवर काम करतात म्हणाला. त्यालाच आधी विचारायला हवं होतं.

थर उचकटण्याआधीच मॅडमनी फोटो काढले होते. बॅनर, पोरं, थापी, भिंत. मला पाठवले. साखळीच्या खुशीत मी ते आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. वर ‘युवाशक्ती’ असं काहीतरी लिहिलंही. आता आठवलं की लाज वाटते.

चार वाजता ऑफिसातून फोन. “या लाभार्थ्याचं मस्टर चालू आहे ना? मग कामावर पोरं कशी?”

मी म्हटलं, ती दोघंही कामावर आहेत.

“फोटोत कुठायत?”

फोटोत नव्हती, हे खरं. आदल्या रात्री अकरापर्यंत विहिरीवरून हंडे आणून तो खड्डा भरला होता त्या दोघांनी. वाळू चाळली. पहाटे पुन्हा पाणी. साखळी चालू असताना मावशी पन्नास जणांचा चहा करत होत्या आणि काका आंब्याखाली विटांचा चट्टा लावत होते, कारण पोरांना तो लावता येत नव्हता. कॅमेरा फिरला तेव्हा दोघं बाजूला झाली. फोटो पोरांचा, आपण कशाला मध्ये, असं वाटलं असणार.

आठवड्याचं मस्टर शून्य झालं. सहा दिवस, दोन माणसं, 3,564 रुपये. मी लेखी खुलासा दिला. उत्तर आलं की हक्काचे 90 दिवस कुठे जात नाहीत, पुढच्या मस्टरला लागतील. नियमानं बरोबर आहे. पण तो आठवडा राबून गेला आणि द्राक्षांची मजुरीही गेली. फोन करणाऱ्याचंही काय चुकलं? नातेवाइकांची नावं मस्टरवर आणि काम जेसीबीनं, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलंय. शंका घेणं त्याचं कामच. मला राग येतो तो हा, की शंका घ्यायला त्याला फोटो पुरला आणि माझा खुलासा मात्र कमी पडला.

संध्याकाळी मावशींना सांगायला गेलो. त्यांनी जॉबकार्डाची प्लास्टिकची पिशवी पुन्हा फडताळात ठेवली आणि म्हणाल्या, “पोरं गुणाची होती साहेब. त्यांना काय बोलू नका.” मी बोललो नाही, मॅडमनासुद्धा. शिबिराच्या समारोपाला एका मुलीनं विचारलं, “सर, आमच्यामुळे त्यांचे किती दिवस वाचले?” पंधरा तरी, मी म्हटलं. हेही खोटं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी भिंती छज्जापर्यंत आल्या. या टप्प्याचा फोटो लाभार्थ्याला उभं करून अ‍ॅपवर टाकावा लागतो. मी मोबाइल लावला तर मावशी म्हणाल्या, जरा थांबा, आणि मागे गेल्या. आल्या त्या डोक्यावर घमेलं घेऊन. मी म्हटलं, “मावशी, नुसतं उभं राहिलात तरी चालतं, घमेलं कशाला?”

त्या हलल्या नाहीत. घमेलं वाळूनं काठोकाठ भरलेलं होतं आणि जीपीएस धरेपर्यंत त्यांनी ते तसंच पेललं.