छातीची उंची: थारांटचे जंगल आणि आमची देवरहाटी

जर्मनीतील माझी पहिली चूक सात सेंटिमीटरची होती. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठाचा वनशास्त्र विभाग शहरात नसून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या थारांट या लहानशा गावी, दोन्ही अंगांना जंगलाचे उतार असलेल्या एका चिंचोळ्या खोऱ्यात आहे. उष्णकटिबंधीय वनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी तिथे दाखल झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्हाला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या खोडांचे व्यास घ्यायला जंगलात नेले. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी घेताना हाताला जी सवय लागली होती, तिच्यानुसार मी जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप गुंडाळली. खोडाचे माप ज्या ठरलेल्या उंचीवर घेतात ती 'छातीची उंची' भारतात साडेचार फूट, अर्थात १.३७ मीटर, तर जर्मनीत १.३ मीटर धरतात. खोड वर निमुळते होत जाते, त्यामुळे माझे आकडे जोडीदारणीच्या आकड्यांपेक्षा जवळजवळ प्रत्येक झाडाला मिलिमीटरभर कमी येत होते. झाडाची वर्षाची वाढच काही मिलिमीटरांची असते, हे लक्षात घेतले तर ही चूक लहान नाही.

मी आकडे खोडायला लागले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी मला थांबवले. आकडा खोडायचा नाही, तो कोणत्या उंचीवर घेतला ते शेजारी लिहायचे, म्हणजे तो पुढच्या माणसाला उपयोगी पडतो, असे त्यांनी सांगितले. 'पुढचा माणूस' हा शब्द त्या विभागात मी नंतर इतक्या वेळा ऐकला की तिथल्या शिक्षणाचा गाभाच तो असावा असे मला वाटू लागले. स्प्रूस तोडणीला यायला ऐंशी-शंभर वर्षे लागतात. लावणारा, विरळणी करणारा आणि तोडणारा अशी तीन वेगळी माणसे त्या एका झाडापाशी येऊन जातात. मोजमापे एकमेकांशी जुळावीत म्हणून जर्मन राज्यांच्या वनसंशोधन संस्थांनी १८७२ साली आपला संघ केला, आणि त्या काळात आखलेल्या काही प्रायोगिक क्षेत्रांतील मोजणी आजही चालू आहे.

थारांटचा इतिहास आपल्याशी दूरचे नाते सांगतो, म्हणून तो थोडक्यात देते. या भागातील चांदीच्या खाणी आणि भट्ट्यांना लाकूड अपुरे पडू लागले, तेव्हा खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स यांनी १७१३ साली जेवढे वाढते तेवढेच तोडावे हा विचार लिहून मांडला. पुढे हाइनरिश कोटा यांनी १८११ साली आपली वनशाळा थारांटला आणली आणि १८१६ साली ती राजमान्य अकादमी झाली. कोटा यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ऐंशी ओक लावण्यात आले आणि त्यांची समाधी त्याच झाडांमध्ये आहे. जर्मन वनविद्येची हीच परंपरा डीट्रिश ब्रांडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानात आणली. ब्रह्मदेशात हत्तीवरून फिरत सागवान घेराच्या वर्गांनुसार मोजणारे हे गृहस्थ १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले, आणि १८७८ साली डेहराडूनची वनशाळा सुरू झाली. दापोलीत आम्ही जे मोजायला शिकलो, त्याची एक मुळी अशी थारांटच्या परंपरेपर्यंत पोहोचते.

मात्र तिथले सगळे डोळे मिटून घेण्यासारखे नाही. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या स्प्रूसच्या रांगा हा याच परंपरेचा वारसा आहे, आणि २०१८ पासूनच्या कोरड्या वर्षांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने त्या रांगाच्या रांगा वाळवल्या. आता तिथे बीच, ओक आणि सिल्व्हर फर मिसळून जंगल बदलण्याचे काम चालू आहे. आमच्या वरकस जमिनीवर ऐन, किंजळ, खैर, बेहडा काढून सलग काजू लावला जातो तेव्हा मला ते उतार आठवतात. काजूने कोकणातील घरांना पैसा दिला हे मी नाकारत नाही. पण डोंगरच्या डोंगर एका जातीच्या हवाली करताना हे उदाहरण समोर असावे.

या मे महिन्यात मी घरी आले. आमचे गाव राजापूर तालुक्यात, विजयदुर्गाच्या खाडीच्या अलीकडे आहे. काकांनी बांधावरची काही सागाची झाडे एका व्यापाऱ्याला दिली होती आणि ओंडके मोजण्याचे काम चालले होते. सुतळीने घेर घ्यायचा, तिची चौघडी करायची, त्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणायचे, ही चौथाई घेराची जुनी रीत. १२० सेंटिमीटर घेराच्या आणि तीन मीटर लांबीच्या ओंडक्याचे माप या रीतीने साडेनऊ घनफूट भरते. प्रत्यक्षात त्यात बारा घनफूट लाकूड असते. चिराईत जाणारा तोटा धरून ही रीत पडली आहे आणि तीत लबाडी नाही, पण विकणाऱ्याला हा फरक माहीत असेल तर तो दर तरी त्या हिशेबाने मागू शकतो. मी काकांना कागदावर गणित मांडून दाखवले. त्यांनी ते दोनदा तपासले आणि पुढच्या खेपेला दर ठरवण्याआधी मला फोन करीन म्हणाले.

दुसरे काम माझ्या मनात दोन वर्षे होते. आमच्या देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, ऐन, किंजळ, सातविण आणि सावर यांची जुनी झाडे आहेत, गारंबीचे वेल आहेत. पण त्यांतील एकाही झाडाच्या वाढीची नोंद कुठे नाही. प्रायोगिक क्षेत्रात झाडाला क्रमांकाची पट्टी ठोकतात. गुरवकाकांना मी या मोजणीबद्दल विचारले, तेव्हा मानकऱ्यांना बसवून त्यांनी देवाला कौल लावला. कौल मिळाला, आणि मग ते मला म्हणाले, "मोज गो, पण झाडाला खिळा लागता नये."

अडचण वाटावी असे हे बंधन होते, पण त्याचे उत्तर मी जर्मनीतच शिकले होते. तिथल्या राष्ट्रीय वनगणनेत साधारण दहा वर्षांनी त्याच जागी परत जायचे असते, आणि जंगल राखणाऱ्याने त्या जागेला वेगळी वागणूक देऊ नये म्हणून खूण मुद्दाम दिसू देत नाहीत. जमिनीत एक लोखंडी तुकडा पुरतात आणि तिथून प्रत्येक झाडाची दिशा व अंतर लिहून ठेवतात. आम्हाला तर पुरायचीही गरज नव्हती; देवळाची खालची पायरी गेली कित्येक वर्षे जागची हललेली नाही. तिच्या मधोमध होकायंत्र ठेवून मी, चुलत बहीण आणि तिचा मुलगा अशा तिघांनी तीन सकाळी चाळीस झाडांची दिशा, अंतर आणि घेर घेतला.

शेवटी एक खेळही झाला. ऑस्ट्रियाच्या वाल्टर बिटरलिश यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीप्रमाणे दोन सेंटिमीटर रुंदीची बांबूची काडी डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर धरून जागच्या जागी गोल फिरायचे, आणि काडीहून रुंद दिसणारी खोडे मोजायची. प्रत्येक खोडामागे हेक्टरी चार चौरस मीटर खोडक्षेत्र (छातीच्या उंचीवरील खोडांच्या आडव्या छेदांचे एकूण क्षेत्रफळ) धरायचे, की टेपशिवाय जंगलाची दाटी कळते. भाच्याला रहाटीत अकरा खोडे मिळाली, म्हणजे हेक्टरी ४४ चौरस मीटर. मग तो धावत शेजारच्या तोडून पुन्हा फुटलेल्या रानात गेला आणि तिथे त्याला दोनच मिळाली.

वही देवळातल्या पेटीत, गुरवकाकांच्या ताब्यात आहे. पहिल्या पानावर मी लिहिले आहे: घेर १.३७ मीटर उंचीवर घेतला आहे; उतारावर उंची वरच्या बाजूने मोजली आहे; सावरीची खोडाला टेकू देणारी मुळे त्या उंचीच्या वर जातात, तिथे ती संपतात त्याच्या वर टेप लावली आहे आणि ती उंची त्या त्या झाडासमोर नोंदली आहे. पुढची मोजणी पाच वर्षांनी, मे महिन्यात, पावसाआधी.