गोवा खाद्यराईड: या फेरीत फक्त आंबट

या खेपेला आम्ही चौघांनी निघण्याआधीच एक नेम ठरवला होता. जिथे जेवू तिथे आमटीला किंवा हुमणाला, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या मासळीच्या कालवणाला, आंबट कशाचे घातले आहे ते विचारायचे, आणि मिळाले तर तेच थोडे बांधून घ्यायचे. ओल्या नारळाचे वाटण गोव्यात घरोघरी असते. पण हुमणाची ओळख पटते ती आंबटावरून, असे माझे जुने मत, आणि ही फेरी झाल्यावर ते आणखी पक्के झाले आहे.

मार्चचा महिना, सोमवारी सकाळी फोंड्याहून सुटलो. गाड्या त्याच: दोन बुलेट, एक हिमालयन आणि एक जुनी स्प्लेंडर. सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही, म्हणून पहिले जेवण म्हार्दोळला नातेवाईकांकडे, खतखत्याचे. तूरडाळ, सुरण, रताळी, शेवग्याच्या शेंगा, गूळ, खोबरे आणि चेचलेली तिरफळे. आंबटाला सोलां, म्हणजे भिंड्याच्या (कोकमाच्या फळाच्या) साली. फळे उन्हाळ्याच्या शेवटी उतरवतात. साली मीठ लावून त्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवतात आणि काळ्याभोर होईपर्यंत उन्हात वाळवतात. मागच्या मोसमातली डबाभर मिळाली. चांगली सोलां बोटाला किंचित ओलसर लागतात. कडक झालेली घेऊ नयेत.

संध्याकाळी बाणस्तारी, पणजी, म्हापसा करत पेडण्यात मुक्काम. बाहेरून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे, जुन्याच पुलाने जायचे.

मंगळवारी राईड जवळपास नव्हतीच. सकाळी आगरवाड्याच्या मिठागरांपर्यंत एक चक्कर, दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी बांगड्याचे हुमण. पेजेबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. उन्हात हेल्मेट घालून चालवणाऱ्याला पाणी आणि मीठ दोन्ही लागते, आणि पेज, लोणच्याची फोड, एवढ्यात ते भागते. पोट जड होत नाही, झापड येत नाही. आता राईडच्या दिवशी मी दुसरी न्याहारी मागत नाही.

हुमण मित्राच्या मावशीने कुंडल्यात, म्हणजे मातीच्या भांड्यात, केले. "तिरफळं वाटायची नाहीत रे, नुसती चेचायची, आणि बी काढून टाकायची," हे तिने आम्हाला दोनदा बजावले. बांगड्याला सोलां आणि तिरफळ, सुंगटांना (कोळंबीला) मात्र कैरी. तेलकट मासळीचा वास सोलां आवरतात, आणि सुंगटांची गोडी कैरीने उठून दिसते, असा तिचा हिशोब. दोन्ही हुमणे एका पानात घेऊन जेवल्यावर तो मला पूर्ण पटला.

पण या मुक्कामातले खरे जेवण बुधवारी सकाळचे. रात्रभर कुंडल्यात राहिलेले हुमण मंद आचेवर आटवून घट्ट केलेले, यालाच गोव्यात कालची कढी म्हणतात, आणि पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंप्यावर धावत जाऊन घेतलेल्या गरम पोया, म्हणजे इथले पाव. रात्रीत आंबट पूर्ण मुरते, खोबरे तेल सोडते. ज्यांनी फक्त हॉटेलातली ताजी फिश करी खाल्ली आहे त्यांनी कुणाच्या तरी घरी मुक्काम करून ही चव घ्यावीच.

पुढे डिचोली, वाळपई. सत्तरी तालुक्यात काजूचा मोसम भरात होता. भट्टीजवळ पोचण्याआधीच बोंडांचा वास लागतो. तिथे नीरो प्यायलो. पिळलेल्या बोंडांच्या लगद्यावर दगडाचे वजन ठेवतात, त्यातून थेंब थेंब निथळणारा हा रस. गोड आणि घशाला किंचित धरणारा. त्याच दिवशी प्यावा लागतो, नाहीतर आंबतो. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, कुणीही घेतला नाही, गाडी चालवायची असताना आमच्यात तो विषय निघतच नाही.

गुरुवारी उसगाव, धारबांदोडा, सावर्डे, केपे, बाळ्ळी करून करमल घाटातून काणकोण. लांब पल्ला, लाल धूळ भरपूर. घाटाखाली थांबून चेन पुसून तेल दिले.

शुक्रवारी सकाळी खोल्याला पोचलो आणि आंबटाचा रंगच पालटला. खोल्याची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. तिला भौगोलिक मानांकन आहे. लालभडक, तिखटाला बेताची. ती लसूण-मसाल्यासह माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून बांगड्यात भरतात, तो रेशाद. रेंदेर माडावर चढून पोयीतून (माडाच्या फुलोऱ्यातून) सूर, म्हणजे माडी, काढतो, ती मडक्यात ठेवून आंबवली की हे व्हिनेगर होते. बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरने जीभ चरचरते, याचे आंबट गोलाईने येते आणि मागे गोडसर राहते. दुपारी बेतूलला ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे विंदालू जेवलो, तिथेही हेच. सोलांवर वाढलेल्या माझ्या जिभेला हे आंबट आता तितकेच आपले वाटते.

खोला ते बेतूल हा काब द राम जवळून जाणारा रस्ता अरुंद, चढउताराचा आणि वळणांवर खडी असलेला आहे. मागे कुणाला बसवले असेल तर सावकाश. व्हिनेगरची काचेची बाटली टॉवेलात गुंडाळून सॅडल बॅगेत उभी ठेवली, मडगाव आणि बोरी पुलावरून घरापर्यंत थेंब सांडला नाही.

राहिलेले: बिंबलांचे (एका आंबट फळाचे) हुमण कुठेच मिळाले नाही. आंबाड्याचे सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातले कालवण, चतुर्थीच्या सुमारास, कारण आंबाडे तेव्हाच. त्याआधी मे महिन्यात सत्तरीत परत जायचे आहे, भिंडे फोडण्यापासून सोलां वाळेपर्यंतचे काम बघायला. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्या काळातली फेरी सुक्या मासळीची: गालमो (सुका जवळा), सुके बांगडे, किसमूर (सुक्या मासळीची खोबरे घातलेली कोशिंबीर). रेनकोट आणि नवा मागचा टायर त्याआधी घ्यायचा आहे.