रेघ नसलेली उडी

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, मास नदीच्या काठी वसलेल्या मास्ट्रिख्ट शहरात १४ ते १७ ऑगस्ट २०१८ या चार दिवसांत ‘कम्प्युटेशनल इंटेलिजन्स अँड गेम्स’ ही, म्हणजे संगणकीय बुद्धिमत्ता आणि खेळ या विषयावरची, परिषद भरली होती. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा अध्यापक म्हणून मी तिथे एक छोटा शोधनिबंध घेऊन गेलो होतो. २००५ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या या परिषदेचे त्या नावाचे ते शेवटचे वर्ष होते. पुढच्या वर्षी लंडनला ती ‘कॉन्फरन्स ऑन गेम्स’ या नावाने भरली. जाण्यापूर्वी रजेच्या अर्जावर ‘गेम्स’ हा शब्द वाचून आमच्या कार्यालयातल्या बाईंनी मला क्रीडा विभागप्रमुखांची सही आणायला सांगितले होते, आणि वाद घालण्यापेक्षा ती आणणे सोपे असल्यामुळे मी ती आणलीही होती.

निबंधाचा विषय वाघ-बकरी हा खेळ होता. लहानपणी आजोळी, कोकणात, पडवीच्या जमिनीवर कोळशाने पट आखून आजोबा आणि मी तो खेळत असू. वाघांना खडे आणि बकऱ्यांना चिंचोके. मात्र गावोगावी पट आणि नियम बदलत असल्यामुळे संशोधनासाठी आम्ही नेपाळमध्ये ‘बाघचाल’ म्हणून खेळले जाणारे रूप घेतले होते, कारण त्याचे नियम नीट लिहून ठेवलेले आहेत. पाच गुणिले पाच असे २५ बिंदू, चार कोपऱ्यांत चार वाघ, आणि हातात २० बकऱ्या. बकरीवाला एकेका पाळीला एक बकरी पटावर ठेवतो आणि सगळ्या ठेवून होईपर्यंत त्याला कोणतीही बकरी हलवता येत नाही. वाघ मात्र पहिल्यापासून हलतात आणि शेजारच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातात. चारही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकतात.

या खेळाची एक गोष्ट या क्षेत्रातल्या लोकांना माहीत असते. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने असे सिद्ध केले आहे की, दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर हा डाव बरोबरीत सुटतो. नीव्हरगेल्ट यांच्याच हाताखाली झुरिचला राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये आपल्या नवकंकरीचाही, म्हणजे देवळांच्या ओट्यांवर ज्याचे पट कोरलेले आढळतात त्या खेळाचा, निकाल लावला होता, तोही बरोबरीचाच. हे मी इथेच सांगून ठेवतो, कारण आमच्या चुकीची पहिली खूण याच माहितीत होती आणि ती आम्ही पाहूनही पाहिली नाही.

आमचे काम ‘मॉन्टे कार्लो ट्री सर्च’ या पद्धतीवर आधारलेले होते. या पद्धतीत संगणक समोरच्या स्थितीतून हजारो डाव मनातल्या मनात, बरेचसे यदृच्छेने, शेवटपर्यंत खेळून पाहतो आणि ज्या चालीतून चांगले निकाल अधिक वेळा येतात तिच्याकडे हळूहळू अधिक लक्ष वळवतो. रेमी कुलोम यांनी २००६ मध्ये तुरीनच्या परिषदेत ती ‘गो’ या खेळासाठी मांडली आणि पुढच्या दहा वर्षांत ती या क्षेत्राचे मुख्य हत्यार झाली. आम्ही या मनातल्या डावांमध्ये निव्वळ यदृच्छेऐवजी थोडे शहाणपण घातले होते, जसे की वाघाच्या तोंडासमोर आधार नसलेली बकरी ठेवायची नाही. हा सुधारित खेळाडू आणि साधा खेळाडू यांना आम्ही दोन्ही बाजूंनी एकमेकांशी खेळवले होते. प्रत्येक चालीला एक सेकंद, एकूण हजार डाव. निकाल असा की वाघांच्या बाजूने आमचा सुधारित खेळाडू जवळजवळ हरतच नव्हता.

निर्दोष खेळात बरोबरी होणाऱ्या खेळात वाघ इतके का जिंकतात, हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता असे नाही. आम्ही त्याला उत्तरही दिले होते: आमचे खेळाडू निर्दोष नाहीत, आणि कच्च्या खेळात बकऱ्या लवकर मारल्या जातात हे तर पोरांनाही ठाऊक असते. या स्पष्टीकरणाचा एक अख्खा परिच्छेद निबंधात होता, आणि परीक्षकांपैकी एकाने नेमके त्याचेच कौतुक केले होते.

१५ ऑगस्टला दुपारी मी प्रात्यक्षिकाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो. त्या वर्षीच्या स्पर्धांमध्ये जपानच्या रित्सुमेइकान विद्यापीठाची ‘फायटिंगआइस’ ही मारामारीच्या खेळाची स्पर्धा होती, जिच्यात सेकंदाला ६० चित्रचौकटी असल्यामुळे प्रोग्रॅमला विचार करायला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, आणि समोर दिसते तेही १५ चौकटी, म्हणजे पाव सेकंद, जुने असते. माणसाच्या डोळ्यालाही उशीर लागतो, मग यंत्राला तो का नसावा, असा त्यामागचा विचार. ‘हानाबी’ या पत्त्यांच्या खेळाचीही स्पर्धा होती, ज्यात स्वतःचे पत्ते सोडून सगळ्यांचे पत्ते दिसतात आणि सगळ्यांनी मिळून जिंकायचे असते. अशा शेजारात माझ्या खडे-चिंचोक्यांच्या खेळापाशी लोक सौजन्याने दोन मिनिटे थांबत आणि पुढे जात.

जर्मनीत शिकणारा एक नेपाळी विद्यार्थी मात्र खुर्ची ओढून बसला. त्याने बकऱ्या घेतल्या. तो भराभर खेळत होता. संगणक एक सेकंद घेई, हा अर्धाच घेत असे. पंधरा-सोळा बकऱ्या पटावर आल्या असताना संगणकाच्या वाघाने उडी मारून एक बकरी खाल्ली, तेव्हा त्याचा हात थांबला. त्याने पडद्यावर बोट ठेवले आणि हिंदीत, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “सर, इथे तर रेघच नाही.”

वाघ वरच्या ओळीतल्या दुसऱ्या बिंदूवर होता. तिथून तिरपी उडी मारून तो तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या बिंदूवर गेला होता. या पटावरच्या २५ बिंदूंपैकी १३ बिंदूंतून तिरप्या रेघा जातात आणि उरलेल्या १२ बिंदूंतून फक्त आडव्या-उभ्या. वाघ उभा होता तो बिंदू या बारांपैकी होता. आजोबांच्या पटावर मी अशी उडी मारली असती तर त्यांनी खडा उचलून बाजूला ठेवला असता.

मी काहीतरी सारवासारव केली, “दाखवण्याच्या आवृत्तीत काही गडबड दिसते” असे म्हणालो, आणि ते म्हणतानाच मला कळत होते की पडद्यावर पट रंगवणारा भाग नियम ठरवत नाही, नियम ठरवणारा भाग एकच आहे आणि हजार डाव त्यावरच झाले आहेत. विद्यार्थ्याने मान डोलावली, पण त्याला पटले नसावे. त्याने डाव तसाच पुढे खेळून संपवला, हरला, आणि आभार मानून गेला.

खोलीवर येऊन मी प्रोग्रॅम उघडला. साध्या चालींसाठी आम्ही कोणत्या बिंदूवरून कुठे जाता येते याचा तक्ता वापरला होता आणि तो बरोबर होता. उडीसाठी मात्र वेग वाढावा म्हणून तक्ता न पाहता आठही दिशांना दोन पावले मोजली जात होती: मधे बकरी आहे का, पलीकडे जागा रिकामी आहे का, एवढेच. रेघ आहे का, हे कोणी विचारतच नव्हते. यामुळे त्या १२ बिंदूंवरचा वाघ नको तिथून बकऱ्या खात होता. शिवाय कोंडला गेलेला वाघही प्रोग्रॅमच्या दृष्टीने मोकळाच राहत होता. साधा खेळाडू आणि सुधारित खेळाडू दोघेही याच एका चुकीच्या पंचाखाली खेळत असल्यामुळे तक्रार करणारे कोणी नव्हते. आमच्या खेळाडूने तर ही पळवाट अधिक चांगली हेरली होती. ज्या हुशारीचे आम्ही निबंधात श्रेय घेतले होते, तिच्यातली बरीचशी हीच होती.

निबंधाची सहलेखिका, माझी विद्यार्थिनी, पुण्यात होती. मास्ट्रिख्टला साडेआठ वाजले होते, म्हणजे तिच्याकडे मध्यरात्र. तिने पहिल्या घंटेला फोन उचलला आणि मी सांगून होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, “सर, तो भाग मी लिहिला होता का?” मी म्हणालो, “अगं नाही, नोंदीत पाहिलं मी. ती ओळ माझी आहे. मार्चमधली.” तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्या दिवसातली मला सर्वांत लाजिरवाणी वाटलेली गोष्ट चूक नव्हती. प्रश्न विचारण्यापूर्वी तिने गप्प राहून घालवलेली ती दोन मिनिटे होती.

प्रयोगशाळेतली यंत्रे सुरू करता आली असती तर प्रश्न सोपा होता, पण १५ ऑगस्टच्या सुट्टीमुळे सकाळच्या झेंडावंदनानंतर सगळे कुलूपबंद होते आणि वीजही खालून बंद केलेली होती. माझे व्याख्यान दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. हातात एक लॅपटॉप. एका डावाला शंभर चाली आणि चालीला एक सेकंद धरला तर हजार डावांना एक लाख सेकंद, म्हणजे सुमारे २८ तास लागणार. चार डाव एकाच वेळी चालवले तर सात तास, हे गणित मोहात पाडणारे होते, पण लॅपटॉप तापला की तो मंदावतो, आणि मग रात्री नऊ वाजताच्या एका सेकंदात जितके मनातले डाव होतात तितके पहाटे तीनच्या सेकंदात होत नाहीत. वेळ सारखा, विचार मात्र कमी-जास्त. तेव्हा आम्ही सेकंद सोडून दिले आणि प्रत्येक चालीला ५,००० मनातले डाव अशी मर्यादा घातली; त्याला लागेल तितका वेळ लागो. एकूण २०० डाव. २०० डावांवरून काढलेल्या टक्केवारीत सुमारे सात टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात, हजारांवर ते तीनच्या आसपास येते. म्हणजे सकाळी आमच्याकडे जे येणार होते ते फारसे खात्रीचे नसणार, हे सुरू करण्यापूर्वीच स्पष्ट होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती लिहिल्यानंतर आम्ही बाराही बिंदू एकेक करून हाताने तपासले, ती फोनवर बिंदू वाचून दाखवी आणि मी कागदावरच्या पटावर बोट ठेवी. हा कागद आम्ही सहा महिन्यांपूर्वी घेऊन बसलो असतो तर अर्ध्या तासाचे काम होते. यंत्र रात्रभर चालू राहिले. मी टेबलफॅन मागून आणून त्याच्यासमोर ठेवला आणि स्वतः उकाड्यात झोपलो, म्हणजे पडून राहिलो.

सकाळी वाघांची ती वर्चस्वाची कहाणी संपलेली होती. वाघांच्या बाजूने सुधारित खेळाडू आणि साधा खेळाडू यांच्यातला फरक सात टक्क्यांच्या त्या पट्ट्यात बुडून गेला होता. बरेच डाव बरोबरीत सुटू लागले होते, जसे ते सुटायलाच हवे होते. मात्र बकऱ्यांच्या बाजूने आमच्या खेळाडूत सुधारणा दिसत होती. पूर्वी ती कधी दिसलीच नव्हती, कारण जो वाघ कोंडताच येत नाही त्याला कोंडायचे शहाणपण दाखवणार कुठे?

नाश्त्याच्या वेळी मी सत्राध्यक्षांना गाठून सांगितले की छापील निबंधातला मुख्य तक्ता चुकीचा आहे. त्यांनी एवढेच विचारले की दुरुस्त आकडे आहेत का, आणि मग माझी १५ मिनिटे मी हवी तशी वापरावीत असे सुचवले. मी व्याख्यानाची सुरुवात पटाच्या चित्राने केली, त्यावर तो वाघ आणि ती उडी दाखवली आणि “ही चाल बेकायदा आहे, आणि आमचा निबंध तिच्यावर उभा आहे” असे म्हणालो. सभागृहात हसू उमटले, पण ते कुत्सित नव्हते. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मोबाइल खाली ठेवले एवढे मला आठवते. प्रश्नोत्तरांत कोणी अल्गोरिदमबद्दल फारसे विचारले नाही. सगळे प्रश्न नियम कसे लिहिले आणि कसे तपासले यांवर आले. मास्ट्रिख्ट विद्यापीठातच त्या वर्षी संशोधक कॅमेरॉन ब्राउन यांचा डिजिटल ल्युडीम प्रकल्प सुरू झाला होता, ज्यात जगभरचे पारंपरिक खेळ छोट्या छोट्या नियम-घटकांच्या भाषेत लिहायचे होते. खेळाचे नियम खेळाडूच्या प्रोग्रॅमपासून वेगळे, कोणालाही वाचता येतील असे ठेवण्याचा हा आग्रह मला आदल्या दिवशीपर्यंत ग्रंथपालाचा छंद वाटत होता.

तो नेपाळी विद्यार्थी मागच्या रांगेत होता. मी त्याचे आभार मानले तेव्हा त्याने मान खाली घातली. नंतर चहाच्या वेळी मी त्याला विचारले की काल डाव तसाच पुढे का खेळलास. तो म्हणाला, “सर, मला वाटलं तुमच्याकडे असेच नियम असतील.”

पुण्याला परतल्यावर आम्ही पूर्ण हजार डाव पुन्हा, चालीला एक सेकंद देऊन, एका वेळी एकच डाव अशा पद्धतीने चालवले. बकऱ्यांच्या बाजूची सुधारणा टिकली, पण त्या रात्री दिसली होती त्याच्या जेमतेम निम्मी. छापील निबंध बदलता येण्यासारखा नव्हता. आम्ही प्रोग्रॅमसोबत दुरुस्तीचे टिपण ठेवले आणि ज्यांनी निबंध मागवला होता त्यांना ते पाठवले. स्पष्टीकरणाचा तो कौतुक झालेला परिच्छेद टिपणात आम्ही जसाच्या तसा उद्धृत केला आणि त्याखाली ‘मागे घेतला’ असे लिहिले.